रोबो नक्की कोणाचा?

पत्र थोडक्यात असं आहे. चाळिशीतल्या एक ताई लिहितात की मुलगा साडेदहा वर्षांचा असताना त्यांनी त्याच्यासाठी रोबो बनवायच्या मासिकाचं सबस्क्रिप्शन घेतलं. दर आठवड्याचा एक अंक, त्या अंकासोबत रोबोचे दोन-चार पार्ट, असे एकूण ८० अंक, आणि घरी येताना महिन्याचे चार अंक एका बॉक्समध्ये. पहिले काही महिने मायलेक दर रविवारी संध्याकाळी मिळून जोडायचे, मग मुलाचं मन उडालं. आता ५२ अंक घरात आलेत, ४० पर्यंतचं काम झालंय, त्यातलंही अलीकडचं बरंचसं ताईंनी एकटीनेच केलंय, आणि तीन बॉक्स न उघडता कपाटावर पडलेत. नवरा म्हणतो बंद कर, गेले ते गेले. ताईंना वाटतं एवढा खर्च झाल्यावर सोडायचं कसं, मुलाला जरा दटावून परत बसवावं का. शिवाय स्वतःचाच राग येतोय, की मी हातात घेतलेलं काही पूर्ण करतच नाही, विणकाम अर्धं राहिलं, गाण्याचा क्लास अर्धा राहिला. आणि पत्राच्या शेवटी त्या सांगतात, एका रात्री सगळे झोपल्यावर त्यांनी रोबोच्या डाव्या कोपराचा सर्वो, म्हणजे सांधा हलवणारी छोटी मोटर, बसवला, टेस्ट केला, हात हलला, खूप आनंद झाला आणि लगेच काहीतरी चोरल्यासारखं वाटलं.

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती. यजमानांच्या म्हणण्याला तुम्ही दोन ओळी दिल्यात, मुलाला पाच-सहा, पैशांना एक परिच्छेद, आणि त्या डाव्या कोपराला जवळजवळ एक अख्खं पान. वायर आतल्या खोबणीतून कशी वळवून घेतली, पहिल्यांदा कव्हर बंदच होईना मग कळलं की वायर कडेला दाबली जातेय, परत उघडलं, परत बसवलं, आणि टेस्ट बोर्डाला जोडल्यावर हात आधी थरथरला आणि मग सावकाश वर आला. हे सगळं तुम्ही इतकं बारीक लिहिलंय की मला तो आवाजसुद्धा ऐकू आला, सर्वोचा तो बारीक किर्र आवाज. म्हणून बंद करू का चालू ठेवू याच्या आधी मला तुम्हाला एक विचारायचंय. हा रोबो मुलाचा आहे असं आपण कधी ठरवलं?

म्हणजे घेताना त्याच्या नावाने घेतला हे कबूल. बरेच आईवडील असंच करतात, स्वतःला एखादी गोष्ट मनापासून हवी असते पण स्वतःसाठी एवढा खर्च करायला मन धजत नाही, मग मुलाचं नाव पुढे येतं आणि यात खोटेपणा काही नसतो, त्या वेळी खरंच दोघांसाठीच वाटत असतं. पण मग मूल बाजूला झालं की आपल्याकडे ती गोष्ट करायची परवानगीच उरत नाही. तुम्हाला त्या रात्री चोरी केल्यासारखं वाटलं ते मला इथूनच आलेलं दिसतं. तुम्ही मुलाचं काही चोरलं नाहीत ताई. त्याने तो कोपर महिनोन्‌महिने मागितलासुद्धा नव्हता.

आता मुलाबद्दल. तुम्ही लिहिलंय त्याने सोडून दिलं, त्याला चिकाटी नाही. मला हे पटत नाही आणि का ते जरा सविस्तर सांगते, कारण अशी मासिकं लावणाऱ्या बऱ्याच घरांमध्ये हाच गैरसमज होतो. ८० अंक म्हणजे ८० आठवडे, म्हणजे दीड वर्षाच्या वर. साडेदहा वर्षांचं मूल त्यातून बाहेर पडेल तेव्हा बारा पूर्ण करून पुढे गेलेलं असतं. त्या वयात दीड वर्षात मूल किती बदलतं ते तुम्ही रोज बघताय, मित्र बदलतात, खेळ बदलतात, आवाज बदलायला लागतो. आणि कामाचा वेग ठरवणार कोण, तर अंक काढणारे. एखाद्या रविवारी मुलाला झपाट्याने पुढे जायचं असतं तर त्या अंकात फक्त खांद्याची एक प्लेट आणि चार स्क्रू असतात, दहा मिनिटांत संपलं, आता पुढचा बॉक्स येईपर्यंत थांबा. मोठ्या माणसाला ही वाट बघणं गोड वाटू शकतं, किंबहुना आपल्याला तेच हवं असतं, आठवड्यातून एकदा अर्धा तास शांतपणे काहीतरी हाताने करायचं. मुलाला मात्र रोबो हवा असतो, म्हणजे चालणारा, बोलणारा. आणि माणसासारख्या दोन पायांच्या रोबोत नेमकं तेच सगळ्यात शेवटी येतं. बऱ्याच मालिकांमध्ये डोकं किंवा चेहरा आधी देतात कारण तो बघून पुढचे अंक घ्यावेसे वाटतात, मग हात, धड, पाय, आणि मुख्य बोर्ड आणि बॅटरी बऱ्याचदा पार शेवटच्या टप्प्यात. तोपर्यंत रोबो म्हणजे टेबलावर ठेवलेलं एक सुंदर मुंडकं आणि दोन सुटे हात.

जपानमध्ये २०१३ साली आलेल्या रोबी नावाच्या रोबोचं उदाहरण देते, या प्रकारातला तो फार गाजलेला. तोमोताका ताकाहाशी यांनी डिझाइन केलेला, ३४ सेंटीमीटर उंच, वजन साधारण एक किलो, अंगात २० सर्वो, आणि हे सगळं ७० अंकांमधून जोडायचं. म्हणजे दर साडेतीन अंकांना सरासरी एक सर्वो. चालतो, बोलतो, डोळ्यांचा रंग बदलतो, पण ते सत्तराव्या अंकाच्या आसपास. याच्या उलट २००१ साली ब्रिटनमध्ये ईगलमॉस या प्रकाशन कंपनीने काढलेल्या रिअल रोबोट्स मालिकेतला सायबॉट बघा, रेडिंग विद्यापीठातल्या लोकांच्या मदतीने केलेला, चाकांवरचा, दिसायला साधा, पण तो पहिल्या टप्प्यातच उजेडाच्या मागे धावायचा, अडथळा आला की वळायचा, मग पुढच्या अंकांमधून त्याला नवीन काही यायला लागायचं. दहा वर्षांच्या मुलाचा जीव कशात रमेल ते तुम्हीच सांगा. तुमच्या मुलाने पहिले वीसेक अंक तुमच्याबरोबर केले ना? ते कमी नाहीत. तेवढे महिने तो एका न हलणाऱ्या वस्तूवर दर रविवारी बसला.

त्यामुळे दटावून बसवायचं माझ्या मते अजिबात नको. बसवलंत तर तो बसेल, स्क्रू हातात देईल, पण मग त्याच्या डोक्यात रोबो म्हणजे आईला वाईट वाटू नये म्हणून करायचं काम असं कायमचं होऊन बसेल. तुम्हाला तुटल्यासारखं वाटतंय ते रविवारच्या संध्याकाळचं आहे असं मला पत्रातून जाणवलं, तो शेजारी बसायचा, पार्टचा नंबर मोठ्याने वाचायचा, ते. ते परत हवंय तर ते वेगळं मागा. रोबोवरून मागू नका. त्याला आता जे आवडतं त्यात अर्धा तास तुम्ही जाऊन बसा, तुम्ही फुटबॉलचं लिहिलंय, तर मॅच बघायला बसा आणि ऑफसाइड म्हणजे काय ते त्याला समजावू दे, मुलांना आपल्याला शिकवायला फार आवडतं.

आता पैशांचं. यजमान म्हणतात गेले ते गेले, आणि यात ते अगदी बरोबर आहेत, फक्त त्यावरून बंद करावं हे आपोआप निघत नाही. ५२ अंकांचे पैसे आता दोन्हीकडे सारखेच गेलेत, बंद केलं तरी गेले आणि चालू ठेवलं तरी गेले, हिशोबाच्या भाषेत हा बुडीत खर्च, त्यामुळे तो निर्णयात धरायचाच नाही. एवढे घातलेत म्हणून अजून घालू हेही चूक आणि एवढे घातलेत म्हणून आता एकही नको हेही चूक. प्रश्न फक्त उरलेल्या २८ अंकांचा आहे. असं समजा की आज कोणीतरी तुमच्या दारात येऊन म्हणालं, हा निम्म्याहून जास्त आलेला रोबो तुम्हाला फुकट देतो, पुढचे सात बॉक्स तुम्ही घ्यायचे आणि पूर्ण करायचा, घेणार का? सात बॉक्सचे पैसे कागदावर लिहा, डिलिव्हरीसकट, आणि ते बघून उत्तर द्या. तुमच्या मनातून होय आलं तर चालू ठेवा, हात आखडला तर थांबा, आणि थांबलात तर त्यात हरण्यासारखं काही नाही.

मोजलेले पैसे आपल्याला कसं ओढतात यावर १९८५ मध्ये हॅल आर्केस आणि कॅथरिन ब्लूमर या संशोधकांचा एक अभ्यास आला होता. नाटकांच्या पूर्ण सीझनचं तिकीट काढणाऱ्यांपैकी काहींना मुद्दाम सवलतीत तिकीट दिलं आणि बाकीच्यांकडून पूर्ण पैसे घेतले. सीझनच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण पैसे भरलेले लोक जास्त नाटकांना गेले, पैसे वसूल करायला हवेत म्हणून. दुसऱ्या अर्ध्यात मात्र हा फरक उरला नाही. हे वाचल्यापासून मी एक बघते, आपण एखादी गोष्ट नुसत्या पैशांच्या टोचणीवर चालू ठेवली तर ती टोचणी काही महिन्यांत बोथट होते आणि मग वस्तू कपाटावर जाते. तुम्ही मात्र चाळिसाव्या अंकाला, तेही सगळे झोपल्यावर, दिवा लावून बसलात. ही टोचणी वाटत नाही मला.

आणि ते ‘मी काही पूर्ण करत नाही’ हे वाक्य. वर्षभर, ४० अंक, त्यातले निम्मे तरी एकटीने, घर आणि नोकरी सांभाळून. जी बाई काही पूर्ण करत नाही ती इथवर येत नाही. तुमचं काम थांबलंय ते तीन बॉक्सवर, आणि माझा अंदाज आहे ते कंटाळ्याने थांबलं नसून त्या रात्रीच्या अपराधीपणाने थांबलंय, कारण तुम्हीच लिहिलंय की कोपरानंतर बॉक्स उघडलाच नाही.

तर माझं मत विचाराल तर चालू ठेवा, पण तुमचा स्वतःचा म्हणून. मुलाला एकदा सरळ सांगा की हा रोबो आता मी करणार आहे, मला आवडतंय, तुला वाटलं तर ये, नाही आलास तरी मी रागावणार नाही. बघा त्याचा चेहरा कसा सैल होतो ते, त्यालाही इतके दिवस त्या कपाटावरच्या बॉक्सखालून जाताना काहीतरी वाटत असणारच. यजमानांना सात बॉक्सचा हिशोब दाखवा आणि तो तुमच्या खर्चात धरा, इतरांच्या छंदाचा जसा धरला जातो तसा. मुलाचं शिक्षण म्हणून त्याचं समर्थन करत बसू नका, तिथेच वाद होतात.

आता कामाचं बोलू, आणि हे असं मासिक लावलेल्या सगळ्यांसाठीच आहे.

या रविवारी तिन्ही बॉक्स उघडा, पण जोडायला घेऊ नका. फक्त तपासा. हे मी फार आग्रहाने सांगतेय कारण न उघडलेला बॉक्स हा अशा मालिकांमधला सगळ्यात मोठा धोका असतो, पार्ट कमी निघाला, सर्वो बिघडलेला निघाला तर तक्रारीची मुदत बऱ्याचदा तुम्ही उघडल्यापासून धरत नाहीत, घरी पोचल्यापासून धरतात, आणि मालिका संपल्यावर एकेक सुटा पार्ट मिळवणं फार अवघड होतं. अंकात सहसा पार्टची यादी आणि चित्र असतं, त्याच्याशी एकेक वस्तू ताडून बघा, स्क्रू मोजा, प्लास्टिकच्या तुकड्यांवर बारीक तडा नाही ना ते उजेडात धरून बघा, आणि सर्वो असेल तर तुमच्याकडे टेस्ट बोर्ड आहेच, त्याला जोडून एकदा फिरवून बघा. मग प्रत्येक अंकाचे पार्ट वेगळ्या झिप पिशवीत, वर अंकाचा नंबर. स्क्रू कधीही एका डबीत एकत्र करू नका, दोन मिलिमीटर जाडीचे सहा लांबीचे आणि आठ लांबीचे स्क्रू नुसत्या डोळ्याला सारखे दिसतात आणि आठवाला सहाच्या जागी गेला की आतून प्लास्टिक फोडून बाहेर येतो किंवा सर्वोच्या अंगाला टेकतो.

हे झालं की सोमवारी कंपनीला लिहून विचारा, फोनवर नको, लेखी उत्तर पाहिजे. एकूण अंक नक्की ८०च ना, पुढे वाढवणार आहेत का, उरलेले सगळे बॉक्स एकदम किंवा दोन-दोन करून मिळतील का, काही महिने थांबवता येतं का, आणि मधेच बंद करायचं तर किती दिवस आधी कळवायचं. मालिका पुढे लांबवायचा किंवा बदलायचा हक्क प्रकाशक बऱ्याचदा बारीक अक्षरांत स्वतःकडे ठेवतात, त्यामुळे तुमच्या अटींच्या कागदात ते आहे का बघून घ्या. आणि कंपनीच राहिली नाही तर काय हा प्रश्नही खरा आहे. वर ज्या ईगलमॉसचं नाव आलं ती १९७५ पासून अशी मासिकं काढणारी मोठी ब्रिटिश कंपनी, ती २०२२ मध्ये बंद पडली आणि कित्येक लोकांची मॉडेल अर्ध्यात अडकली, काही मालिका नंतर दुसऱ्यांनी पुढे नेल्या पण सगळ्या नाही. म्हणून एक बघा, तुमची मालिका याआधी दुसऱ्या एखाद्या देशात पूर्ण निघालीय का. निघाली असेल तर साचे तयार आहेत, पार्ट कुठेतरी अस्तित्वात आहेत, सूचनांमधल्या चुका लोकांनी शोधून ठेवल्यात, धोका बराच कमी.

जोडणीतल्या दोनच गोष्टी सांगते, ज्या अंकात सहसा नीट सांगत नाहीत आणि ज्यांनी मला रडवलंय.

पहिली, प्लास्टिकमधला स्क्रू. हे स्क्रू स्वतःच आपली आटी पाडत जातात. तुम्ही एखादं कव्हर उघडून परत लावता, तुम्हाला कोपराला लागलं तसं, तेव्हा स्क्रू भोकात ठेवून लगेच आवळला तर तो जुन्या आटीशेजारी नवीन आटी पाडतो, असं दोन-तीनदा झालं की भोक सैल, स्क्रू नुसता फिरत राहतो. म्हणून आधी स्क्रू ठेवून हलकेच उलटा फिरवायचा, डावीकडे, अर्धा-एक फेरा, कुठेतरी टक् करून तो किंचित खाली बसल्याचं बोटाला कळतं, ती जुनी आटी. तिथून सुलटा आवळायचा. आणि आवळताना हात जड झाला की थांबायचं, वर अजून एक पाव फेरा द्यायचा मोह होतो तो टाळायचा. स्क्रूड्रायव्हर डोक्यात गच्च बसणारा हवा, अंकाबरोबर फुकट आलेला असतो त्याचं टोक तीस-चाळीस अंकांत झिजलेलं असतं, एक चांगला वेगळा घ्या, ४० अंक केलेल्या बाईचा तेवढा हक्क आहे.

दुसरी गोष्ट सर्वोचं मध्य. सर्वो म्हणजे आत एक छोटी मोटर, गती कमी करणारे गिअर, दांडी किती फिरली ते सांगणारा एक सेन्सर, आणि हे सगळं ताब्यात ठेवणारा बोर्ड. साध्या हॉबी सर्वोला सेकंदाला साधारण ५० वेळा एक छोटा सिग्नल जातो आणि तो दीड मिलिसेकंदाचा असला की सर्वो बरोबर मध्यावर उभा राहतो. रोबोच्या सर्वोंमध्ये अजून एक भानगड असते, बऱ्याचशा मालिकांत सगळे सर्वो एकाच वायरीच्या साखळीत असतात म्हणून प्रत्येकाला आपला आयडी नंबर द्यावा लागतो, डावा कोपर अमुक, उजवा खांदा तमुक. हा नंबर द्यायचा आणि सर्वो मध्यावर आणायचा, आणि त्यानंतरच त्याच्या दांडीवर हाताचा भाग बसवायचा. मी भाच्याबरोबर एक रोबो केला होता तेव्हा उजव्या खांद्याला आम्ही हे उलटं केलं, दांडीवर दाते इतके बारीक असतात की एक दाता इकडेतिकडे झालेला दिसतच नाही, आणि महिन्यांनंतर सगळं अंग जोडून पहिल्यांदा चालू केलं तेव्हा एक हात सरळ खाली आणि दुसरा बाहेर तिरका, जणू कोणाला तरी वाट दाखवतोय. तो एक दाता दुरुस्त करायला पाठीचं कव्हर, मान, छातीची पट्टी सगळं उघडावं लागलं, दोन संध्याकाळी गेल्या. तेव्हा हे बसवताना घाई नको. आणि सर्वोची दांडी हाताने जोर लावून कधीच फिरवू नका, आतले गिअर नखाएवढे असतात, एक दात तुटला की सर्वो गेला.

बॅटरी आली असेल किंवा येईल तेव्हा ती तशीच महिनोन्‌महिने पिशवीत ठेवू नका. लिथियमची असेल तर साधारण अर्धी चार्ज करून थंड कोरड्या जागी, अधूनमधून बघायची, फुगलेली दिसली तर वापरायची नाही.

बंद करायचं ठरवलंत तर काय, तेही सांगते, कारण सात बॉक्सचा आकडा बघून तुमचं उत्तर नाही आलं तर ते उत्तरही खरंच आहे. आधी लेखी कळवून सबस्क्रिप्शन थांबवा आणि पुढचा हप्ता खात्यातून जाणार नाही याची खात्री करा, नुसता बॉक्स परत पाठवून थांबलं असं समजू नका. मग जे आलंय ते अंकांसकट, पिशव्यांसकट एकत्र विकायला काढा, मालिकेचं नाव आणि १ ते ५२ असे अंक स्पष्ट लिहून. ज्यांचे मधले अंक हुकलेत, ज्यांचा एखादा सर्वो जळलाय, असे लोक नेमकं हेच शोधत असतात आणि त्यांना न उघडलेल्या बॉक्सपेक्षा तपासलेला बॉक्स जास्त विश्वासाचा वाटतो, म्हणून रविवारची तपासणी दोन्हीकडून उपयोगाचीच. सुटे सर्वो दुसऱ्या कशात वापरू असं मनात असेल तर आधी ते साधे तीन वायरचे हॉबी सर्वो आहेत की खास त्याच रोबोचे ते बघा, साधे असतील तर आर्डुइनोसारख्या छोट्या बोर्डावर मजेत चालतात, खास असतील तर त्यांची भाषा वेगळी असते आणि नुसती वायर जोडून काही होत नाही.

ज्यांनी अजून सुरुवात केलेली नाही आणि पहिला स्वस्त अंक हातात घेऊन विचार करताहेत त्यांना एवढंच सांगते, पहिल्या अंकाची किंमत बघू नका, एकूण अंक गुणिले नेहमीची किंमत अधिक डिलिव्हरी एवढा गुणाकार करा आणि त्या आकड्यात तयार किट कुठलं मिळतं तेही बघा. मुलासाठी घेत असाल तर बऱ्याचदा किट बरं, एका सुट्टीत होतं, चालतं, मग मूल ते मोडून परत वेगळं करतं. दर आठवड्याच्या त्या अर्ध्या तासासाठी घेत असाल, तुमच्या स्वतःच्या, तर मासिकाला तोड नाही, पण मग पहिल्या दिवसापासून तसं म्हणून घ्या. आणि दोघांना मिळून करायचंच असेल तर अंक साठू द्या, दोन-तीन महिन्यांचे जमले की एका दुपारी आठ-दहा अंक करा, त्या दिवशी समोर एक अख्खा पाय उभा राहिलेला दिसतो आणि मुलाला बसण्यात अर्थ वाटतो.

मुलाबद्दल अजून एक, ताई. शेवटच्या टप्प्यात जेव्हा बोर्ड येईल, आवाज येईल, हालचाली सेट करायच्या येतील, तेव्हा त्याला एकदा विचारा. जोडायला ये म्हणून नको. हा उभा राहताना पुढे झुकतोय, तुला काय वाटतं, एवढंच. बारा वर्षांच्या मुलाला आईच्या शेजारी स्क्रू धरून बसायला आवडत नसेल, पण आईला न सुटलेली अडचण सोडवायला आवडू शकतं. नाही आला तर तुम्ही सोडवालच, डाव्या कोपराची वायर तुम्हीच शोधली होती.

डावा कोपर चाळिसाव्या अंकात होता म्हणजे उजव्या कोपराचा सर्वो त्या तीन बॉक्सपैकी एकात असायला हवा. तपासताना तो सापडला तर पिशवीवर वेगळी खूण करून ठेवा आणि रविवारी संध्याकाळी, सगळे जागे असताना, टेबलावर घेऊन बसा. वायरीची खोबण या बाजूला आरशासारखी उलटी असेल, डाव्याचं चित्र बघून बसवू नका. बसवल्यावर कसा हलला ते मला नक्की कळवा.